संगणकाच्या गाड्यांशी तोडीस तोड: रेसिंग सिममध्ये एआयची पातळी मोजून कशी लावावी

सोलापुरात रेसिंग सिम (खऱ्यासारखी गाडी चालवायला लावणारे शर्यतीचे संगणकी खेळ) खेळणाऱ्या बहुतेकांची शर्यत एआय गाड्यांशीच, म्हणजे संगणक चालवतो त्या गाड्यांशीच होते. ऑनलाइन लीगमध्ये उतरायचं तर नेट न अडखळता चालायला हवं, ठरलेल्या वेळी हजर राहता यायला हवं, आणि रात्री उशिरा पेडलचा खडखडाट सहन करणारं घरही हवं. कॉलेज, दुकान किंवा शिफ्ट सांभाळणाऱ्याला हे रोज जमत नाही. म्हणून एआयशी खेळणं म्हणजे दुय्यम खेळणं, असं मी मानत नाही. शेजारी गाडी असताना ब्रेक कुठे लावायचा, आत शिरायचं की एक वळण थांबायचं, मागची गाडी आरशात भरलेली असताना तीन लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) बिनचूक कसे काढायचे, हे सगळं एआय शिकवतो. अट एकच: तो तुमच्या वेगाचा हवा.

अडतं ते इथेच. कोणी पहिल्या दिवशी एआयची ताकद ठरवणारा स्लायडर शंभरावर नेतो आणि दोन वळणांत एकटा पडतो. कोणी ऐंशीवर ठेवून दुसऱ्या लॅपपासून पुढे एकटाच पळतो. दोघांच्याही वाट्याला रिकामा ट्रॅक येतो. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जाणते वस्ताद वजन, उंची, तयारी बघून जोड लावतात, तेव्हाच कुस्ती रंगते. इथे जोड लावायचं काम खेळ तुमच्यावरच सोडतो, आणि हातात देतो फक्त एक आकडा. तो अंदाजाने लावू नका, मोजून काढा. निवांत दोन तास पुरतात.

आधी आकड्याबद्दल

प्रत्येक खेळाची मोजपट्टी वेगळी आहे. असेटो कोर्सात एआयची ताकद साधारण ७० ते १०० मध्ये लावतात. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेत पट्टी ८० पासून सुरू होते. ऑटोमोबिलिस्टा २ आणि आरफॅक्टर २ मध्ये ती ७० ते १२० जाते. कोडमास्टर्सच्या एफ-वन खेळांत शून्य ते ११०. त्यामुळे ‘मी नव्वदवर खेळतो’ या वाक्याला खेळ, गाडी आणि ट्रॅक सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. एकाच खेळातसुद्धा मोंझा ट्रॅकवर जुळलेला आकडा ब्रँड्स हॅच ट्रॅकवर चुकू शकतो, कारण एआयची रेषा, म्हणजे त्याला आखून दिलेला मार्ग, प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळी तयार केलेली असते आणि ती सगळीकडे सारख्या कसोशीने केलेली नसते.

या रेषेबद्दल थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. असेटो कोर्साच्या प्रत्येक ट्रॅकच्या फोल्डरमध्ये ‘एआय’ नावाचं उपफोल्डर असतं. त्यात मुख्य रेषेची ‘फास्ट लेन’ फाइल असते आणि पिटच्या (टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेच्या) रस्त्याची वेगळी फाइल असते. आरफॅक्टर २ मध्ये हेच काम एआयडब्ल्यू प्रकारची फाइल करते. एआय ड्रायव्हर त्या रेषेवरून चालतो, पुढच्या वळणाला किती वेग झेपेल ते बघतो आणि त्यानुसार ब्रेक-ॲक्सिलरेटर वापरतो. पातळी कमी केली की ढोबळमानाने रेषा तीच राहते, पण गाडी वळणात टायरची पूर्ण पकड वापरत नाही आणि ब्रेक लवकर लावते. शिवाय काही खेळांत एआयच्या गाडीचं भौतिकशास्त्र तुमच्या गाडीपेक्षा सोपं ठेवलेलं असतं, कारण वीस गाड्यांचं पूर्ण गणित एकाच वेळी सोडवणं प्रोसेसरला जड जातं. तुम्ही कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर) चढून घसरता आणि तो तिथूनच अलगद निघून जातो, त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं.

याला ठळक अपवाद म्हणजे ग्रॅन टुरिस्मो या खेळातली ‘सोफी’ ही एआय. सोनी एआयने तिला आखलेल्या रेषेवर चालवलं नाही. असंख्य लॅप स्वतः मारून, चांगल्या कृतीला गुण आणि धडकेला दंड मिळवत ती शिकली. जुलै २०२१ मध्ये उत्तम मानवी खेळाडूंच्या संघाविरुद्ध सांघिक गुणांत ती मागे पडली, ऑक्टोबर २०२१ मध्ये जिंकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ते संशोधन ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. आपण रोज ज्या एआयशी खेळतो, तो बहुतेक वेळा इतका हुशार नसतो. त्याच्या ठरलेल्या सवयी असतात, आणि म्हणूनच त्याला मोजता येतं.

मोजण्याआधीची तयारी

एक गाडी, एक ट्रॅक ठरवा. ट्रॅक ओळखीचा हवा आणि खेळासोबत आलेला हवा. कोणीतरी बनवून वाटलेला, नंतर टाकलेला ट्रॅक या कामाला घेऊ नका. बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर चालवायची आपल्या सगळ्यांनाच ओढ असते, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे एफ-वन धावली आहे. पण बाहेरून मिळवलेल्या ट्रॅकमध्ये एआयची रेषा कच्ची असण्याची शक्यता मोठी. कधी सगळ्या गाड्या एकाच वळणावर विनाकारण रांगतात, कधी पिटमध्ये शिरताना भिंतीला घासतात. त्या ‘एआय’ फोल्डरमध्ये फाइलच नसेल तर एआय तिथे चालतच नाही. असा ट्रॅक मजेसाठी ठेवा.

हवामान कोरडं, तापमान ठरावीक, टायरची झीज बंद, इंधन शर्यतीपुरतं आणि तुमच्या व एआयच्या दोन्ही मोजमापांत सारखंच. गाडीची सेटिंग मूळचीच ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारं), एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं), ऑटो गिअर यांपैकी जे तुम्ही एरवी वापरता ते चालू राहू द्या. एक गोष्ट लक्षात ठेवा: ही मदतीची बटणं आणि एआयची पातळी ही दोन वेगळी खाती आहेत. ‘सोपं’, ‘मध्यम’, ‘अवघड’ असं एकच बटण दाबलं की काही खेळ दोन्ही एकदम बदलतात, आणि मग नेमकं काय बदललं ते कळत नाही. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी लावता येईल असं सविस्तर पान शोधा.

आणखी एक शंका आधीच मिटवून घ्या. काही खेळ मागे पडलेल्याला गाठू देतात आणि पुढे गेलेल्याला खेचून धरतात. याला रबर बँडिंग म्हणतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. एका छोट्या शर्यतीत मुद्दाम सावकाश चालवा आणि पुढच्या गाडीचे लॅप बघा. तुम्ही मागे पडत गेल्यावर तिचे लॅपही कारणाशिवाय सेकंद-दोन सेकंदांनी मंदावले, तर रबर लागलेलं आहे. ते बंद करता येत असेल तर करा. येत नसेल तर त्या खेळात खालचं मोजमाप उपयोगाचं नाही.

तुमचा मधला लॅप

रिकाम्या ट्रॅकवर उतरा. दोन-तीन लॅप हात बसू द्या, मग सलग नऊ लॅप मारा आणि सगळे वहीत लिहा. गाडी फिरली, गवतात गेली, तरी तो लॅप खोडू नका. शर्यतीतही ते घडणारच आहे.

समजा, मोंझावर जीटी-थ्री (शर्यतीच्या स्पोर्ट्स गाड्यांचा एक वर्ग) गाडीत तुमचे लॅप असे आले: १:५३.२, १:५२.८, १:५५.९, १:५३.०, १:५३.६, १:५२.५, १:५४.१, १:५३.३, १:५३.४. आता ते चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधला, म्हणजे पाचवा आकडा घ्या. तो आहे १:५३.३. हा तुमचा वेग. १:५२.५ हा तुमचा वेग नाही. तो एका चांगल्या मिनिटाचा फोटो आहे. बहुतेक जण त्या फोटोवरून एआय लावतात आणि मग प्रत्येक शर्यतीत मागे राहतात. सरासरीही घेऊ नका, कारण १:५५.९ सारखा एकच बिघडलेला लॅप सरासरी वेळ वर ढकलतो आणि मधल्या लॅपला हात लावू शकत नाही.

लॅपमधला पसाराही बघा. बिघडलेला लॅप सोडून बाकीचे दीड-दोन सेकंदांत बसत असतील तर पुढे जा. चार-पाच सेकंद पसरले असतील तर सध्या एआयचा विषय बाजूला ठेवा आणि ट्रॅक पाठ करा. ज्याचा वेग दर लॅपला बदलतो त्याला कुठलीच पातळी जुळणार नाही.

घरात दोघं भाऊ एकाच संगणकावर खेळत असतील तर दोघांची पानं वेगळी ठेवा. कीबोर्ड, गेमपॅड आणि स्टिअरिंग यांचीही वेगळी. जुनं स्टिअरिंग विकत घेऊन पहिल्यांदाच बसणाऱ्याचा लॅप सुरुवातीला गेमपॅडपेक्षा संथ येतो. तेव्हा निःसंकोचपणे पातळी खाली आणायची.

त्यांचा मधला लॅप

आता एआयला मोजायचं. दहा गाड्या घ्या, सगळ्या तुमच्याच मॉडेलच्या, सगळ्यांची पातळी सारखी. तुम्ही शेवटच्या जागेवर उभे राहा. सहा लॅपची शर्यत लावा, हिरवा दिवा लागला की सगळ्यांना पुढे जाऊ द्या आणि दूर मागून शांतपणे चालवा. सराव सत्रात एआय मध्येच पिटमध्ये ये-जा करतो, म्हणून शर्यतच लावायची.

शर्यत संपली की निकालाच्या पानावरून पाचव्या क्रमांकाच्या गाडीचे लॅप घ्या. पहिले दोन सोडून द्या, तेव्हा सगळे गर्दीत अडकलेले असतात. उरलेले चार चढत्या क्रमाने लावा आणि मधल्या दोघांची सरासरी घ्या. हेच दोन वेगळ्या पातळ्यांवर करा, उदाहरणार्थ ८५ आणि ९५.

मानून चालू की ८५ वर १:५४.९ आला आणि ९५ वर १:५१.९. दहा अंकांत तीन सेकंद, म्हणजे एका अंकाला ०.३ सेकंद. तुमचा वेग १:५३.३, म्हणजे ८५ च्या गाडीपेक्षा तुम्ही १.६ सेकंदांनी जलद. १.६ ला ०.३ ने भागलं की पाचपेक्षा थोडं जास्त. तुमची पातळी आली ९०. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या खेळात एका अंकाला किती सेकंद पडतात ते तुम्हीच काढायचं, आणि दोन पातळ्यांमध्ये फार अंतर ठेवायचं नाही, कारण पूर्ण पट्टीवर हा हिशोब सरळ रेषेत चालेलच असं नाही.

आता यातून एक अंक वजा करा. हा माझा आग्रह आहे. रिकाम्या ट्रॅकवरचा तुमचा वेग गर्दीत टिकत नाही. आरशात बघण्यात, शेजारच्याला जागा देण्यात नवख्याचा अर्धा-पाऊण सेकंद सहज जातो. म्हणून पहिले काही आठवडे ८९.

सगळ्यांना एकच पातळी दिली तर गाड्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक धावतात आणि ओव्हरटेक करायला फट मिळत नाही. असेटो कोर्सासाठी कन्टेन्ट मॅनेजर हे जोड-सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात पातळीचा पट्टा देता येतो. ८९ च्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अंक, म्हणजे ८६ ते ९२ द्या. मग पुढे दोन-तीन तगडे, मागे दोन-तीन मवाळ आणि मध्ये तुमच्या जोडीचे, अशी खरी शर्यत तयार होते. रेसरूम या खेळात ॲडॅप्टिव्ह (स्वतः जुळवून घेणारा) एआय तुमच्या शर्यती बघून हे काम बऱ्यापैकी स्वतःच करतो. तिथे अट एवढीच की सुरुवातीच्या शर्यती मनापासून चालवायच्या. मुद्दाम हळू चालवलंत तर तो तेच शिकेल.

खात्रीसाठी मधल्या जागेवरून आठ-दहा लॅपची शर्यत करा. कितवे आलात ते बघू नका. उत्तरार्धात पुढे किंवा मागे दीड सेकंदाच्या आत कोणी गाडी होती का, तेवढंच बघा. बहुतेक लॅपांत होती, तर पातळी जुळली. नव्हती, तर एक अंक हलवा आणि पुन्हा बघा.

आक्रमकता हा दुसरा स्लायडर

हा बहुतेक जण कधी उघडतच नाहीत आणि मग ‘एआय आंधळा आहे’ म्हणून चिडतात. आक्रमकता वेग वाढवत नाही. शेजारी गाडी आल्यावर एआय जागा सोडतो की रेटतो, आणि ओव्हरटेकसाठी किती अरुंद फटीत घुसतो, हे ती ठरवते. कमी ठेवली तर तुमचं नाक दिसताच तो बाजूला होतो, आणि तुम्हाला वाईट सवय लागते: कुठूनही घुसावं, समोरचा सरकतोच. माणसांशी खेळताना ही सवय फार महागात पडते. फार वाढवली तर तो तुम्ही नसल्यासारखी आपली रेषा धरतो.

चाचणी अशी करा. सरळ रस्त्यावर एआयच्या शेजारी या. ब्रेकच्या जागेपर्यंत तुमची पुढची चाकं निदान त्याच्या दारापर्यंत पोचलेली हवीत. आतल्या बाजूने वळा आणि बाहेर त्याच्यासाठी एक गाडीभर जागा सोडा. असं वेगवेगळ्या वळणांवर करून बघा. तो बाहेरून आपल्या जागेत वळला तर आक्रमकता ठीक आहे. वळताना आत येऊन तुमच्या अंगावर दार लोटत असेल तर कमी करा. तुम्ही अर्धी गाडीही पुढे नसताना तो प्रत्येक वेळी ब्रेक लावून तुम्हाला वाट देत असेल तर वाढवा. मला स्वतःला निम्म्याहून थोडी कमी आक्रमकता आवडते. जिथे आकड्यांऐवजी नावं देऊन पायऱ्या केलेल्या आहेत तिथे मधली पायरी.

पहिलं वळण मात्र वेगळं प्रकरण आहे. मोंझाच्या लांब सरळ रस्त्यानंतर पहिली शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) येते तेव्हा सगळ्या गाड्या एकाच चिंचोळ्या जागेकडे धावतात, आणि कुठल्याही आक्रमकतेवर तिथे ठोकाठोक होते. पहिल्या लॅपला तिथे एरवीपेक्षा बराच आधी ब्रेक लावा आणि एखादी जागा गेली तर जाऊ द्या.

सेक्टरमध्ये डोकावा

एकूण लॅप जुळला तरी शर्यत विचित्र वाटू शकते. तुम्ही एका भागात त्याच्यावर चढता आणि दुसऱ्या भागात तो दिसेनासा होतो. म्हणून तिन्ही सेक्टरचे, म्हणजे लॅपच्या तीन भागांचे, वेळ दोघांचे शेजारी-शेजारी लिहा. तिन्हींत तुम्ही थोडे-थोडे मागे असाल तर पातळी जास्त आहे. दोन सेक्टर बरोबरीत आणि एकात पाऊण सेकंदाचा खड्डा असेल तर स्लायडरला हात लावू नका.

त्या एका सेक्टरसाठी रिप्ले उघडा आणि एआयच्या गाडीतून बघा. तो ब्रेक कुठे लावतो, गाडी कुठे वळवतो, ॲक्सिलरेटर केव्हा पूर्ण दाबतो. संथ वळणातून बाहेर पडताना एआय बहुधा फार नीटनेटका असतो, घाईने चाकं फिरवत नाही. मोंझाच्या दोन्ही लेस्मो वळणांवर त्याच्या मागे-मागे चालवून मला जितकं कळलं तितकं कुठल्याही व्हिडिओतून कळलं नाही. उलट काही जागी तो कायम भित्रा असतो, ब्रेक फार लवकर लावतो. त्या जागा वहीत नोंदवा, पण रोज तिथेच ओव्हरटेक करू नका. त्याने जागा मिळते, कौशल्य वाढत नाही.

आपला उन्हाळा आणि प्रोसेसर

एआयच्या गाड्यांचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो, ग्राफिक्स कार्डवर नाही. चित्र हलकं केलं तरी वीस गाड्यांत खेळ अडखळतो तो यामुळे. असेटो कोर्सात प्रोसेसरचा वापर ९९ टक्क्यांच्या वर गेल्याची सूचना पडद्यावर येते. ती दिसत असताना काढलेलं कुठलंही मोजमाप फेकून द्या, कारण खेळ आपली कामं वेळेत उरकत नसतो. गाड्या कमी करा. आठ-दहा गाड्यांत सुंदर शर्यत होते.

सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणं नवीन नाही. दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि सकाळी गुळगुळीत चाललेली शर्यत दुपारी झटके खाते. मोजमाप पहाटे किंवा रात्रीच करा. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असतील तर कापसाचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत अडकून हवा कोंडते. तिथे महिन्या-दोन महिन्यांनी जाळी साफ करावीच लागते. डेस्कटॉपला यूपीएस असू द्या. शेवटच्या लॅपला वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

संगणक जुना असेल तर

स्पीड ड्रीम्स आणि तो ज्यापासून निघाला तो टॉर्क्स, हे दोन्ही खेळ मोफत आहेत, मुक्त स्रोत आहेत आणि साध्या यंत्रावर चालतात. टॉर्क्समधल्या प्रतिस्पर्ध्यांना रोबो म्हणतात आणि ते वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले आहेत. त्यामुळे इन्फर्नो आणि ऑलेथ्रॉस यांची चाल वेगळी पडते. तिथे कोणता रोबो निवडायचा हाच अर्धा पातळीचा प्रश्न. मोजायची पद्धत तीच: तुमचा मधला लॅप काढा आणि त्याच्या जवळचे रोबो ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) घ्या. इंजिनीअरिंगला असणाऱ्यांना माझं खास सांगणं आहे की एकदा स्वतःचा रोबो लिहून बघा. सी प्लस प्लस येत असेल तर रेषा, वेग आणि ब्रेक यांचं नातं त्या कोडमध्ये उघडं दिसतं.

पातळी कधी वाढवायची

जिंकलात म्हणून वाढवू नका. पुढच्या दोघांची टक्कर झाली तरी माणूस जिंकतो. दर पंधरवड्याला तेच नऊ लॅप पुन्हा मारा. मधला लॅप खाली आला असेल आणि पसाराही आवळला असेल, तर एक किंवा दोन अंक वाढवा. मधला लॅप खाली आला पण पसारा वाढला, तर तुम्ही जोखीम वाढवली आहे, वेग नाही. तेव्हा आहे तिथेच थांबा. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट बदला: पातळी वाढवली त्या आठवड्यात आक्रमकता, गाड्यांची संख्या, मदतीची बटणं जशीच्या तशी ठेवा.

टायरची झीज आणि इंधनाचा हिशोब यानंतर चालू करा, आणि पाऊस सगळ्यांत शेवटी. ओल्या ट्रॅकवर एआयची पकड तुमच्याइतकी कमी होईलच याची खात्री नसते, म्हणून पावसासाठी वहीत वेगळं पान आणि वेगळा आकडा. गाडीचा प्रकार बदलला तरी तसंच. जीटी-थ्रीला जुळलेली पातळी फॉर्म्युला गाडीला लावून शर्यत सुरू करू नका. दोन पातळ्यांवरच्या सहा-सहा लॅपच्या शर्यती पुन्हा लावा, पाचवी गाडी बघा आणि नवा आकडा लिहून ठेवा.